झाला देव!

दानियल अमोलिकांबद्दल चार चांगले शब्द लिहावेत म्हणून मी आजवर तीनदा कागद पुढ्यात घेतला आणि तिन्ही वेळा अर्ध्या पानावर मला त्यांचा राग आला. माणूस गेल्यावर त्याच्यावर रागावू नये, असं माझी बायको सुमन म्हणते. पण अमोलिक गेले म्हणून त्यांनी दिलेला वैताग गेला, असं थोडंच आहे? तो माझ्याकडे शाबूत आहे. तेव्हा आता ठरवलंय, राग जसा येईल तसा लिहून काढायचा आणि मागे जे उरेल त्याला अमोलिक म्हणायचं.

राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूरच्या सचिवालयातली आम्ही कारकून मंडळी फायलींच्या पेट्यांसकट भोपाळला येऊन पडलो. सरकारी क्वार्टरं अजून बांधून व्हायची होती. पुढं जिला तुलसी नगर म्हणायला लागले त्या भागात जी थोडी तयार झाली, त्यांत एकेका क्वार्टरात दोन-दोन कुटुंबं घातली. आमच्या वाट्याला अमोलिक नवरा-बायको आले. त्यांना मूलबाळ नव्हतं. आठ महिने एका मोरीत आंघोळी केल्या, मग शेजारचं क्वार्टर रिकामं झाल्यावर ते भिंतीपलीकडे गेले. पण एवढ्या काळात त्यांना आमच्या घरात बोलण्याचा जो हक्क मिळाला, तो भिंतीनं काही गेला नाही.

अमोलिक उंच, काटकुळे. बारा महिने काळा बंद गळ्याचा कोट. चालताना, बोलताना, अगदी साहेबासमोरसुद्धा दोन्ही हात मागे बांधलेले. मूळ घराणं नगरकडचं, मराठी ख्रिस्ती. वडील नागपुरात मिशनच्या शाळेत मास्तर होते. आमच्या तोंडात सहा महिन्यांत ‘छुट्टी’ आणि ‘तबादला’ बसले, पण अमोलिक शेवटपर्यंत रजेवर जायचे आणि त्यांची बदलीच व्हायची. दर रविवारी इथल्या चर्चमध्ये हिंदी उपासनेला जात. सगळे हिंदीत गात तेव्हा ते त्याच चालीवर मराठी शब्द म्हणत, आणि ते हळू म्हणत नसत.

ख्रिस्ती धर्मात दहा आज्ञा आहेत. मूर्ती करून तिच्यापुढं वाकू नये, ही त्यातली दुसरी. बाकीच्या नऊ अमोलिक पाळत असणारच, पण बोलायचे ते या एकीबद्दल. ऑफिसात त्यांचं नावच ‘दुसरी आज्ञा’ पडलं होतं. “आज दुसरी आज्ञा उशिरा आली,” असं लोक त्यांच्यासमोरही म्हणत आणि ते मान हलवून घड्याळ बघत.

आता कुणाला वाटेल, हे आमच्या देव्हाऱ्याला नावं ठेवत असतील. छे! तसं असतं तर मी एकदा भांडून मोकळा झालो असतो. मी सुरुवातीलाच विचारलं होतं, “अमोलिक, आमचे देव तुम्हाला खुपत असतील ना?” तर म्हणाले, “तुमच्या देव्हाऱ्याबद्दल मी कशाला बोलू? दगडाचा देव निदान दिसतो तरी. मला भीती वाटते ती न दिसणाऱ्यांची. माझ्या घरात कोण कधी येऊन देवाच्या जागेवर बसेल, ते मला बघायला नको?”

हे बघण्याचं काम ते स्वतःच्या घरापुरतं ठेवते तरी चाललं असतं. पण मी रेडिओ घेतला. त्याला सुमननं क्रोशाचं झाकण विणलं. मी रोज सकाळी तो फडक्यानं पुसायचो, कुणाला हात लावू द्यायचो नाही आणि संध्याकाळी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचो. अमोलिक दारात उभे राहून दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी शांतपणे म्हणाले, “पोहनकर, झाला देव!”

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. ‘झाला देव!’ आवाज चढवायचा नाही, हसायचं नाही. समोरच्याच्या एकुलत्या एक आनंदाकडे बघायचं आणि हे दोन शब्द टाकून निघून जायचं. मग रेडिओवरची बातमी गोड लागत नसे आणि गाणंही. मी मुद्दाम आवाज मोठा करून ठेवायचो.

सगळ्यात जास्त वेळा हे वाक्य ऐकलं ते पदक्रम सूचीमुळं. नागपूर, ग्वाल्हेर, रीवा आणि भोपाळ अशा चार ठिकाणचे कारकून एकत्र आणल्यावर कोण कुणाच्या वर, याची एकच यादी होणार होती. ती कच्ची निघाली, दुरुस्त झाली, परत निघाली. ऑफिसात दुसरा विषय नव्हता. लोक बायकोचं बाळंतपण विसरत, पण ‘माझ्यावर कोण आला’ हे विसरत नसत. मी स्वतः ती यादी घडी करून खिशात ठेवायचो आणि सकाळी चहाआधी एकदा वाचायचो. अमोलिकांनी ती घडी बघितली. यादीत ते माझ्या चार नंबर वर होते, म्हणून त्यांना बोलायला सोपं जातंय असं मला वाटलं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, “खाली असतो तरी हेच म्हणालो असतो.” पुढं त्यांना ते सिद्ध करायची संधी मिळाली, आणि ती माझ्यामुळं मिळाली, हे मला आजही डाचतं.

झालं असं. आमचे सुपरिंटेंडेंट हौशी होते. नवी राजधानी, नवी कचेरी, म्हणून दसऱ्याला टाइपरायटरची पूजा थाटात करायची त्यांनी ठरवली. आदल्या दिवशी अमोलिक कोट काढून बसले आणि विभागातली झाडून सगळी यंत्रं त्यांनी पुसली, तेल घातलं, अक्षरांत अडकलेली शाई टाचणीनं काढली. इतकं निगुतीनं दुसऱ्या कुणी केलं नसतं. मला वाटलं, चला, बाबा माणसात आला! दसऱ्याला सगळे आत जमले, यंत्रांना झेंडूचे हार घातले, आणि अमोलिक बाहेर व्हरांड्यात, हात मागे बांधून उभे.

मी धावत बाहेर गेलो. “अहो, दोन मिनिटांचं काम आहे. हात जोडू नका हवं तर. नुसतं आत उभं राहा.”

“आत हात मागे बांधून उभा राहिलो तर तो त्यांचा अपमान होईल. बाहेर कुणाला दिसत नाही.”

“मग जोडा ना हात! दोन मिनिटं जोडले तर तुमचा देव काय आभाळातून खाली पडणार आहे?”

“तो पडणार नाही हो. मी पडेन,” असं म्हणून ते आमच्या चपराशाकडे, मुन्ने मियाँकडे वळले. “मेरा निकाल के रखा?”

मुन्ने मियाँनी स्टुलाखालून कागदात गुंडाळलेला पेढा काढला. नैवेद्य दाखवण्याआधीच खोक्यातून अमोलिकांचा एक पेढा बाजूला काढायचा, असं दोघांचं ठरलेलं. दाखवल्यानंतरचा ते खात नसत, आधीचा आवडीनं खात. मुन्ने मियाँ आपल्या भोपाळी बोलीत मला म्हणाले, “को खां, पेडा तो एकी हेगा, पर साब का हिसाब अलग हे.” अमोलिक तिथंच पेढा खाऊन, बोटं रुमालाला पुसून, परत हात मागे बांधून उभे राहिले. मी कपाळाला हात लावला.

सुपरिंटेंडेंटांना राग आला. त्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही, पण गोपनीय अहवालात ‘सहकाऱ्यांत मिसळत नाहीत’ असं एक वाक्य लिहिलं. त्यांची बदली झाली तेव्हा त्यांच्या खुर्चीवर अमोलिक यायचे, ते त्या वाक्यामुळं राहिले, मधले तिघे आपल्या गावी बदली घेऊन गेले होते, आणि खुर्चीवर मी आलो. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. तर हा माणूस सकाळी पहिला माझ्या टेबलाशी आला, अभिनंदन म्हणाला आणि जाता जाता वळून म्हणाला, “जपा बरं का. खुर्चीचा फार लवकर होतो.” कशाचा ते सांगायची गरज नव्हती. माझी लाज जागच्या जागी उडाली आणि अंगाचा तिळपापड झाला.

या सगळ्यावर उतारा म्हणजे मार्थाबाई. अमोलिकांची बायको. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, हसायला लागली की पदर तोंडाशी धरून भिंतीला टेकायची. नवऱ्याची नक्कल ती सगळ्यात छान करायची. हात मागे बांधून आमच्या स्वयंपाकघरात यायची, सुमनच्या लोणच्याच्या बरणीकडे बघायची आणि म्हणायची, “वहिनी, झाला देव!” दोघी हसून बेजार. रिकाम्या डालड्याच्या डब्यांत तिनं मोगरे लावले होते. रोज सकाळी ओंजळभर फुलं भिंतीवरून सुमनला द्यायची. “देवाला घाला, केसात घाला, मला काही विचारू नका,” म्हणायची. अमोलिक ऐकत असायचे. तिला मात्र त्यांनी कधी ‘झाला देव’ म्हटलं नाही. ती समोर असली की त्यांची नजर तिच्यामागून फिरायची. तिनं एखादी वस्तू मागायच्या आत ती तिच्या हातात असायची. आम्हाला त्यात विशेष काही वाटलं नाही. मूल नसलेलं जोडपं, असतात तशी.

भोपाळला आल्यावर चार वर्षांनी मार्थाबाई आजारी पडल्या आणि अडीच महिन्यांत गेल्या. अमोलिक रडले नाहीत. शवपेटीवर सुमननं मोगऱ्याची फुलं ठेवली, त्याला त्यांनी हरकत घेतली नाही. दफन झाल्यावर सगळ्यांचे आभार मानले आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसात आले.

सुमनला राहवेना. मार्थाबाईंचा आमच्याबरोबर काढलेला एक फोटो होता. त्यातून तिनं एकट्या मार्थाबाई मोठ्या करून घेतल्या, चौकट करवली, मोगऱ्याचा हार केला आणि तो फोटो अमोलिकांच्या बाहेरच्या खोलीत लावून आली. संध्याकाळी अमोलिक आमच्या दारात. हातात हार, नीट घडी घातलेला.

“वहिनी, फोटो ठेवून घेतो. हे नको.”

बस्स, एवढंच. सुमन त्या हाराकडे बघत उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तुमचा देव इतका कोत्या मनाचा आहे का, की मेलेल्या बाईच्या गळ्यातली चार फुलं त्याला सहन होत नाहीत? असं काहीतरी बोललो. ते ऐकून घेऊन गेले. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ऑफिसातही फायलीवर शेरा लिहून फाइल सरकवायचो.

तीनेक आठवड्यांनी, सकाळी मी दाढी करत असताना ते आले. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. ते टेबलावर ठेवलं आणि टॉवेल सोडला. मार्थाबाईंचा फोटो.

“हा तुमच्याकडे ठेवा,” म्हणाले.

“का? आता चौकटही चालत नाही?”

त्यांनी टॉवेल हातात घेतला. मग म्हणाले, “सकाळी पाचला मी प्रार्थनेला बसतो. तिसाव्या वर्षापासून बसतो. हा फोटो समोर आल्यापासून आधी हिच्याशी बोलायला लागलो. काल काय झालं, ऑफिसात कोण काय म्हणालं. म्हटलं, दोन मिनिटं, मग देवाकडे वळू. या आठवड्यात एकही दिवस वळलो नाही. आज उठताना लक्षात आलं, मला वळायचंच नव्हतं.”

माझ्या अर्ध्या गालावर साबण तसाच होता.

“मग आतल्या खोलीत लावा. ट्रंकेत ठेवा,” मी म्हणालो.

“ट्रंक मला उघडता येते.”

“आणि आमच्याकडे?”

“तुमच्याकडे चालतं,” ते म्हणाले. “तुमच्या घरात ती शेजारीण आहे. माझ्या घरात ती…” त्यांनी टॉवेलाची घडी घालून काखेत मारली आणि ऑफिसला उशीर होईल म्हणून निघून गेले.

याला काय म्हणायचं? मी सुमनला म्हणालो, या माणसाचं डोकं फिरलंय. देवानं बायको नेली ती नेली, उरलेला फोटो हा आपल्या हातानं देऊन येतो! सुमन उठली. तिनं खिळा ठोकला, फोटो लावला आणि भिंतीपलीकडच्या डब्यांतला मोगरा तोडून आणून हार घातला. अमोलिक त्या डब्यांना रोज पाणी घालत. फुलं ते तोडत नसत, सुमननं तोडली तर बघत नसत.

पुढची तीन वर्षं आमचा रविवार ठरलेला. अमोलिक चर्चमधून साडेदहाला थेट आमच्याकडे येत. बाहेरच्या खोलीत एक वेताची खुर्ची होती, तीत बसत. फोटो बरोबर त्या खुर्चीमागच्या भिंतीवर. खोलीत दुसऱ्या दोन खुर्च्या होत्या, पण हे तिथंच बसायचे, बायकोकडे पाठ करून. चहा घ्यायचे, अर्धा तास थांबायचे, बोलायचे फार थोडं. एकदाही मान वळवली नाही. दारातून आत येतानाही नजर जमिनीकडे. सुमनला ते फार लागायचं. “तीस वर्षं जिच्याबरोबर काढली तिच्याकडे एकदा बघायला काय जातं?” ती आत येऊन कुजबुजायची. मला तर ती पाठ बघून संताप यायचा. ताठ, काळा कोट घातलेली पाठ, आणि तिच्यावर ती हसऱ्या चेहऱ्याची बाई, ताज्या फुलांत.

त्यात भर म्हणजे आमच्या घरातल्या सामानावरही त्यांची सत्ता. एका दिवाळीला रंग काढला तेव्हा समोरच्या भिंतीचं काचेच्या दारांचं कपाट, ज्यात माझे जुने दिवाळी अंक असतात, ते मी स्वयंपाकघराच्या बाजूला सरकवलं. रविवारी अमोलिक आले, बसले, इकडे तिकडे बघितलं आणि चहा येण्याआधी उठून गेले. पुढच्या रविवारी आल्या आल्या म्हणाले, “कपाट होतं तिथंच बरं होतं.”

“का?”

“त्या भिंतीला ओल येते. अंक खराब होतील.”

भिंतीला ओल नव्हती. मी भिंतीवर हात फिरवून दाखवला. ते म्हणाले, “पावसाळ्यात येईल.” कार्तिक महिना चालू होता! मी म्हणालो, अमोलिक, घर सरकारचं, कपाट माझं, तुमचा काय संबंध? त्यांनी चहा तसाच निवत ठेवला. शेवटी सुमननंच मला खूण केली आणि दोघांनी मिळून ते धूड परत ओढून जागेवर नेलं. अमोलिकांनी चहा प्यायला. मी त्या दिवशी जेवलो नाही, इतका चिडलो होतो.

मग ते निवृत्त झाले. नागपूरला धाकट्या भावाकडे जायचं ठरलं. निघायच्या दिवशी टांगा दारात आला, सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. मुन्ने मियाँ निरोपाला आले होते. सुमननं आतून फोटो आणला, वर्तमानपत्रात बांधलेला.

“भाऊजी, वहिनींना घेऊन जा आता. आमच्याकडे किती दिवस?”

अमोलिकांनी ते पुडकं बघितलं. हात मागे होते, ते मागेच राहिले.

“इथं तिला रोज फूल मिळतं,” ते म्हणाले. “माझ्याकडून मिळायचं नाही, वहिनी. राहू दे.”

“अहो, पण तुम्हाला?” मी जवळजवळ ओरडलोच. “तुम्हाला काय राहतं मग?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चिडलेल्या पोराकडे बघावं तसं. “पोहनकर, एवढं करून जर देवच राहिला नाही, तर हे सगळं कशासाठी केलं मी?” म्हणाले आणि टांग्यात चढले. टांगा वळेपर्यंत कोटाची पाठ दिसत होती. हात मागे बांधून टांग्यात बसता येत नाही, म्हणून त्यांनी दांडी धरली होती. मुन्ने मियाँ म्हणाले, “साब ने पलट के नी देखा, खां.” मी म्हणालो, नाहीच बघणार.

फोटो परत खिळ्यावर गेला. नंतरच्या रविवारी साडेदहा वाजले, सुमननं सवयीनं तीन कप चहा केला आणि तिसरा कप मला उचलायला लागला. माझ्या खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता, म्हणून मी वेताच्या खुर्चीत बसलो. तिच्यात मी तोवर कधी बसलोच नव्हतो. दारातून ऊन आत आलं होतं. समोर कपाट, काचेमागं काळपट पडलेले अंक. आणि त्या काचेत, माझ्या डोक्याच्या थोड्या वर, मार्थाबाई हसत होत्या. मोगऱ्याच्या हारासकट, अगदी स्पष्ट.

मी कप खाली ठेवला. उठून बाजूला झालो, तर त्या दिसेनात. परत बसलो, तर परत आल्या. दुसऱ्या दोन्ही खुर्च्यांवर बसून बघितलं. तिथून नुसतं दार दिसत होतं.

तीन वर्षं, दर रविवारी अर्धा तास. चर्चमधून आल्यावर, देवाचं आधी आटोपून.

सात वर्षं हा माणूस मला ‘झाला देव’ म्हणत आला होता आणि सात वर्षं मी उलटून हेच म्हणायची संधी शोधत होतो. आता ती माझ्या हातात होती. मी तडक पत्र लिहायला घेतलं. ‘अमोलिक, झाला देव!’ असं वर लिहिलं आणि ते वाचून मलाच कसंतरी झालं.  ज्याच्या तोंडून ते ऐकून मी जळायचो, त्यानं ते स्वतःला किती वेळा म्हटलं असेल, आणि तरी पुढच्या रविवारी येऊन त्याच खुर्चीत बसला असेल! मी तो कागद फाडला.

मग पोस्टकार्ड घेतलं. प्रकृती विचारली, मुन्ने मियाँचा सलाम कळवला, डब्यांना सुमन पाणी घालते असं लिहिलं. आणि खाली जागा उरली होती तिथं लिहिलं, “कपाट आहे तिथंच आहे. हलवणार नाही.”